घटी बसलेला फोन

घटस्थापनेच्या सकाळी माडवण्याच्या देवळात एवढी गर्दी झाली, की चपला ठेवायला पारावर जागा उरली नाही. देवीचा घट पहाटेच बसला होता आणि त्याला नेहमीची मोजकी माणसंच आली होती. बाकीचं गाव लोटलं होतं ते सभामंडपातल्या दुसऱ्या घटासाठी. तिथे एका लांब पाटावर काळी माती पसरून तिच्यात भात पेरलं होतं. मधे तांब्याचा कलश, कलशावर नारळ, आणि भोवती विटांना टेकून उभे केलेले गावातल्या समस्त धंदेवाल्यांचे मोबाइल. प्रत्येकाच्या कपाळावर, म्हणजे जिथे सेल्फीचा कॅमेरा असतो तिथे, हळदकुंकू लावलेलं होतं. प्रत्येकाला चार्जरची वायरही होती. सोवळ्याला वायर चालते, असा खुलासा महाराजांनी आधीच केला होता.

महाराजांचं नाव व्हायरलनाथ. भगवा कुर्ता, कपाळाला भस्म, गळ्यात रुद्राक्ष आणि उजव्या कानात ब्लूटूथ. ते डोळे मिटून बसले होते. त्यांच्या शेजारी गणेशमंडळाचा मोठा टीव्ही लावला होता, आणि देवळाशेजारी आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीत त्यांचा शिष्य अल्पेश लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. साधनेला शांतता लागते म्हणून गाडीच्या काचा वर होत्या आणि एसी चालू होता.

"सदा सरबतवाला कोण?" महाराजांनी डोळे न उघडता विचारलं.

किनाऱ्यावर कोकम सरबताची गाडी लावणारा सदा हात जोडून पुढे झाला. त्याचं पेज टीव्हीवर आलं. फॉलोअर साठ, त्यातले निम्मे त्याच्या सासुरवाडीचे. महाराजांनी संस्कृतसारखं ऐकू येणारं काहीतरी म्हटलं, त्यात 'रीच' हा शब्द तीनदा आला, आणि कलशावर फूल टाकलं. क्षणभर काही झालं नाही. मग पाटावरचा सदाचा फोन टिंग करून वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला, आणि टीव्हीवरचा आकडा शंभर, पाचशे, दोन हजार असा पळत सुटला. आरती संपेपर्यंत सदाच्या सरबताला दहा हजार माणसं लागली होती. सदाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कुणीतरी शंख फुंकला.

मागच्या खांबाला टेकून प्रणाली हे बघत होती. शेजारच्या गावातल्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवायची आणि माडवण्यातल्या अंबाजीची बायको होती. तिला हसू येत होतं, पण ते ओठांपर्यंत पोचत नव्हतं. पाटावर उजवीकडून तिसरा फोन तिच्या घरचा होता.

तो नुसता फोन नव्हता. वादळाने अंबाजीची वाडी आडवी केली, माड गेले, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. नवीन पोफळी लावल्या होत्या, पण त्या धरायला अजून अवकाश होता. मधल्या काळात घर चाललं ते मागच्या पडवीत काढलेल्या चार खोल्यांवर. त्याचं नाव 'सुपारी बाग'. पेज प्रणालीने काढलं होतं. शाळेत जाण्यापूर्वी ती रोज एक फोटो टाकायची. आज सासूबाईंनी कुळथाचं पिठलं केलंय, आज ओहोटीला किनाऱ्यावर शिंपले दिसतायत, खोली नंबर दोनचा नळ गळत होता तो दुरुस्त केलाय. फॉलोअर चारपाचशे. पण त्यातली कितीतरी माणसं तिच्या ओसरीवर बसून जेवून गेली होती. ठाण्याची राही आणि तिच्या दोन बहिणींची कुटुंबं दर दिवाळीला यायची. वादळ झालं तेव्हा कुणी न मागता त्यांनीच ताडपत्र्या पाठवल्या होत्या.

आणि फोन लावायचा नंबर एकच होता, फाट्यावरच्या पाटीवर रंगवलेला. नवरात्र लागलं की तो वाजायला लागायचा, कारण दिवाळीच्या सुट्टीचे बेत लोक याच दिवसांत ठरवतात. नेमका तोच फोन आता घटी बसला होता.

अंबाजी काही भोळसट माणूस नव्हता. पण दिवेआगरातल्या एका होमस्टेचे वीस हजार फॉलोअर आहेत हे त्याला कळलं होतं आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. नेमके त्याच आठवड्यात महाराज गावात प्रकटले.

"माउली," पहिल्या प्रवचनात महाराज म्हणाले होते, "सोशल म्हणजे समाज आणि मीडिया म्हणजे माया. समाजाची माया तुमच्यावर का नाही? कारण अल्गोरिदम रुसलाय! अल्गोरिदम फार जागृत आहे. अमेरिकेत त्याचं मूळ पीठ आहे. तिकडचे मोठमोठे शास्त्रज्ञ अंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत."

अमेरिकेतही अंघोळ करतात हे ऐकून प्रणालीच्या सासूबाईंना, रंगूआईंना, बरं वाटलं होतं.

"आणि तुम्ही काय करता? जेवता जेवता खरकट्या हाताने रील बघता. त्याच हाताने धंद्याचं पेज उघडता. पेज विटाळतं. मग रीच कुठून येणार?"

हा बाण वर्मी बसला, कारण खरकट्या हाताने रील बघितली नाही असं गावात कुणीच नव्हतं. उपाय सोपा होता. नऊ दिवस फोन घटी बसवायचा. देव घटी बसला की जागेवरून हलवत नाहीत, तसा फोनही हलवायचा नाही, उचलायचा नाही, वाजला तरी हात लावायचा नाही. पासवर्ड हा बीजमंत्र, तो गुरूकडे ठेवायचा. दसऱ्याला घट उठले की जुन्या सिमचं खाडीत विसर्जन. नवीन सिद्ध सिम अल्पेश देईल आणि पेज पुढेही महाराजांच्याच कृपाछत्राखाली राहील. दक्षिणा ऐच्छिक होती. ऐच्छिक आकडा क्यूआर कोडच्या खाली छापलेला होता.

घरी आल्यावर प्रणालीने विषय काढला.

"अहो, दिवाळीचे फोन येतील आता. उचलणार कोण?"

"घटी बसलेली वस्तू कोन हलवतं काय?" अंबाजी म्हणाला. "आणि चारदोन फोनांचं काय घेऊन बसलीस? आपले अकरा हजार झालेत सकाळपासनं. शंभरात एक आला तरी आपल्याला खोल्या पुरायच्या न्हायत."

"आले तर ना!"

"तुला सगळ्यात खोटच दिसते. शाळेत शिकव ते. देवाच्या कामात नको."

अंबाजीचा हिशोब त्याच्यापुरता चोख होता. शंभरात एक या दराने त्याने मंडपवाल्याकडून खाटा आणि तंबू आणून वाडीत, नव्या पोफळींच्या मधून, उभे केले. रंगूआईंनी शेजारणींना मोदकांसाठी नारळ खवायला सांगून ठेवलं. "येवढी मान्सं येनार," त्या म्हणाल्या, "पंगत कुठं बसवायची ते आधी ठरवा. मागल्या पडवीत न्हाय मावायची."

दुसऱ्या माळेपासून देवळात दिवसभर फोन वाजत होते. एकेक फोन वाजला की बसलेली माणसं हात जोडायची. "लक्ष्मी हाक मारते हाय," सदा म्हणायचा. लक्ष्मी बराच वेळ हाक मारायची, मग कंटाळून बंद व्हायची.

तिसऱ्या माळेला शाळेतून परतताना प्रणाली देवळात डोकावली. दुपारची वेळ, मंडपात चिटपाखरू नव्हतं. मातीतून भाताचे कोंब वर आले होते. ती पाटाजवळ गेली आणि तेवढ्यात घरचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'राही ठाणे'. प्रणालीचा हात पुढे गेला आणि फोनपासून वीतभर अंतरावर थांबला. लहानपणापासून घटाला हात लावू नये, लावू नये ऐकत वाढलेला हात होता तो. ती विज्ञान शिकवत होती, तिचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता, आणि तरी हात पुढे जाईना. फोन वाजून वाजून थांबला. प्रणालीला स्वतःचाच भयंकर राग आला.

गाडीची काच खाली झाली. "मॅडम, टच नका करू हां," अल्पेश आतून म्हणाला. "सिस्टीम लोडपे हाय."

त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या फोनवर सुपारी बागेचं पेज उघडलं आणि खाली लिहिलेली कौतुकं एकेक करून वाचायला घेतली. खोलीच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'व्हेरी टेस्टी'. गळक्या नळाच्या फोटोखाली, 'लुकिंग ब्युटिफुल डियर'. पिठल्याच्या फोटोखाली, 'नाइस कलर, साइज अवेलेबल?' लिहिणाऱ्यांची नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. फोटो नाही, गाव नाही, मित्र नाहीत. तिने सदाचं पेज उघडलं. तिथेही हीच मंडळी होती. सदाच्या सरबतालाही कुणीतरी साइज विचारली होती.

आणि त्या ढिगात, खूप खाली, एक ओळ होती. 'काकू, तीन दिवस फोन लावतेय. बरे आहात ना सगळे? दिवाळीचं नक्की करायचं होतं. - राही'

प्रणालीचे डोळे भरून आले. उत्तर द्यायचं तर पेजचा पासवर्ड अल्पेशकडे. तिने स्वतःच्या नावाने उत्तर लिहिलं, पण पाच मिनिटांत त्यावर 'नाइस', 'वाव' आणि 'डीएम मी'चे थर चढले आणि ते दिसेनासं झालं. राहीने निदान लिहिलं तरी होतं. जे नुसतेच फोन करून गप्प बसले असतील, ते कोण आणि किती, हे पाटावरच्या फोनशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि दसऱ्याला सिमबरोबर तो नंबरच खाडीत जाणार होता.

तिने अंबाजीला कमेंटा दाखवल्या. तो म्हणाला, "परदेशातली मान्सं हायत, त्यांची भाषा तशीच." सासूबाईंना दाखवल्या. त्या म्हणाल्या, "देवाच्या दारात संशय बरा न्हाय, पोरी." रागावून उपयोग नव्हता हे प्रणालीच्या लक्षात आलं. वर्गात सांगून पटत नाही तेव्हा प्रयोग करून दाखवावा लागतो.

पाचव्या माळेला ती नाकासमोर बघत, ताटात फुलं आणि कपाटातला जुना फोन घेऊन महाराजांपुढे गेली. डोक्यावरून पदर घेतला होता. अंबाजीला एवढा आनंद झाला, की तो इतरांना बाजूला करत तिला वाट देऊ लागला.

"महाराज, माहेरच्या माणसांचं एक लॉज आहे," ती म्हणाली. "'मोकळं आभाळ' नाव. नवीन पेज आहे, एकही फॉलोअर नाही. उशीर झाला का?"

महाराजांनी आरतीच्या ताटाखाली ठेवलेल्या स्वतःच्या फोनवर दक्षिणा जमा झाल्याचा संदेश पाहिला. "श्रद्धेला मुहूर्त लागत नाही," ते म्हणाले. "अल्पेश, माउलीचं नाव घे." अल्पेशने पेजचं नाव लिहून घेतलं. पेज उघडून वाचायची त्याला कधी गरज पडत नसे.

दसरा उजाडला. देवळासमोर सोन्याची पानं, झेंडूच्या माळा, लाउडस्पीकर. पाटावरचं भात हिरवंगार वाढून फोनांच्या वर गेलं होतं. एका परातीत लाल कापड अंथरलेलं होतं, त्यात सगळ्यांची सिमं ठेवून वाजतगाजत खाडीवर न्यायची होती. पोलीसपाटीलही आले होते, पण पदाचं काम म्हणून नव्हे. त्यांच्या होडीच्या सफरींचं पेज घटी बसलं होतं.

महाराजांनी एकेक पेज टीव्हीवर घेऊन आकडा जाहीर करायला सुरुवात केली. आकड्यागणिक टाळ्या पडत होत्या. सुपारी बागेला पंचवीस हजार. अंबाजीची छाती भरून आली. त्याच्या वाडीतले तंबू आठ दिवस रिकामेच उभे होते आणि खवलेलं खोबरं आंबून गेलं होतं, पण आकडा पंचवीस हजारच होता.

"आणि आता," महाराज म्हणाले, "एका शिक्षिकेच्या श्रद्धेचं फळ बघा! शिकलेली बाई, विज्ञानाची बाई, पण शरण आली. 'मोकळं आभाळ' लॉज! शून्यावरून पाच दिवसांत दहा हजार!"

टाळ्या कडाडल्या. प्रणाली उठून पुढे आली.

"महाराज, तुमची कृपा. लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवाल का? घरच्यांना बरं वाटेल."

महाराजांनी आनंदाने वाचलं. "'ऑसम फूड'. 'रूम्स व्हेरी क्लीन'. 'स्टेड विथ फॅमिली, विल कम अगेन'. बघा, माउली! एकदा राहून गेलेली माणसं पुन्हा यायचं म्हणतायत. याला म्हणतात सिद्धी."

"आता लॉजचा फोटोही मोठा करायला सांगा ना," प्रणाली म्हणाली. "आणि खाली दोन ओळी मराठीत आहेत, त्याही."

अल्पेशने फोटो मोठा केला. फोटोत चार भिंती होत्या, वर छप्पर नव्हतं, आत गवत माजलं होतं आणि गवतात एक बकरी उभी होती.

"अरे," सदा हळूच म्हणाला, "ही तर शाळेमागची मुतारी!"

प्रणालीने खालच्या ओळी माइकवर वाचल्या. "'हे लॉज नाही. ही शाळेची जुनी मुतारी आहे. वादळात हिचं छप्पर उडालं. इथे खोली नाही, जेवण नाही, पाणी नाही. कृपया कुणी येऊ नये.'"

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. पण हसू मंडपभर पसरलं आणि महाराजांपाशी येऊन थांबलं. ते गंभीरच होते.

"श्रद्धा असली की माउली, जागा कुठलीही असो, ती पवित्र..."

"ते राहू द्या, म्हाराज," रंगूआई मधेच म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. "येवढंच सांगा, मुतारीत जेवलं कोन?"

महाराजांचा हात कानातल्या ब्लूटूथकडे गेला. तिथूनही कुणी काही सुचवलं नसावं, कारण अल्पेश गाडी चालू करायच्या गडबडीत होता. पोलीसपाटलांनी खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली. त्यांचाही फोन नऊ दिवस वाजत राहिला होता आणि त्यांना आता तो आवाज आठवत होता.

प्रणालीने स्वतःचा फोन टीव्हीला जोडला. "कुणी मंत्र म्हणू नका, फूल टाकू नका," ती म्हणाली. "आई, तुम्ही इकडे या. इथे बोट लावा."

"मी? मला काय त्यातलं कळतंय?"

"कळायची गरज नाही. तोच तर मुद्दा आहे."

रंगूआईंनी पदराला बोट पुसलं आणि दाखवल्या जागी टेकवलं. क्षणभर काही झालं नाही. मग पाटावरचा सदाचा फोन टिंग करून वाजला, पुन्हा वाजला, आणि टीव्हीवर सदाच्या सरबताचा आकडा पळत सुटला. रंगूआई दचकून मागे सरल्या.

"मी काय केलं गं?"

"तुम्ही सदाला हजार फॉलोअर विकत घेऊन दिलेत," प्रणाली म्हणाली. "इंटरनेटवर याची दुकानं आहेत. फॉलोअर घ्या, लाइक घ्या, कौतुकाची वाक्यं घ्या, हवी तेवढी. हजार माणसं चहापोह्यांपेक्षा स्वस्त पडतात, कारण ती माणसंच नसतात. नुसती नावं. कुठेतरी एका यंत्राला सांगून ठेवलेलं असतं, की दिसेल त्याला छान म्हणायचं. मग ते पिठल्याला छान म्हणतं आणि मुतारीलाही छान म्हणतं. महाराज इथे डोळे मिटायचे आणि अल्पेशभाऊ गाडीत बटण दाबायचे. चमत्कार म्हणतात तो एवढाच."

"मॅडम, मेरा काम फक्त बटणाचा," अल्पेश म्हणाला. "बाकी सगळा म्हाराज बगतात."

"पण वैनी," सदाने विचारलं. तो अजून हात जोडूनच उभा होता आणि कुणापुढे ते त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. "खोटी का असंनात, आकडा बघून चार खरी मान्सं येतील की. नुकसान काय हाय?"

प्रश्न रास्त होता आणि प्रणालीला तो आवडला.

"सदाभाऊ, तुम्ही फोटो टाकलात की तो आधी तुमच्या फॉलोअरांतल्या काहीजणांना दाखवला जातो. ते थांबून बघतात, तुम्हाला काही विचारतात, मग तो आणखी लोकांपर्यंत जातो. आता दाखवायचा कुणाला? समोर नुसत्या खुर्च्या. खुर्च्या काही बोलत नाहीत, म्हणजे फोटोत काही दम नाही असं समजून तो तिथेच पडून राहतो. तुमची साठ माणसं होती ना, सासुरवाडीची का होईना, त्यांनाही तो दिसणं कठीण झालं. आमच्या पेजवर राहीने विचारलं, काकू, बरे आहात ना. ती एक ओळ हजारो कौतुकांखाली गाडली गेली. जिला आपण हवे होतो तीच आपल्याला दिसली नाही."

तेवढ्यात पाटावर उजवीकडून तिसरा फोन वाजू लागला.

सगळ्यांनी अंबाजीकडे बघितलं. तो पाटापाशी गेला, वाकला आणि तिथेच अडला. घट अजून उठवले नव्हते. उत्तरपूजा व्हायची होती. प्रणालीला तो अडलेला हात ओळखीचा वाटला आणि नवऱ्याचा आठ दिवसांचा राग जरा उतरला.

"आई?" अंबाजीने विचारलं.

"देव घटी बसतो, बाबा," रंगूआई म्हणाल्या. "त्याला कुठं जायचं यायचं नसतं. फोन कशाला बसंल? त्याच्या पलीकडं मानूस उभं हाय. उचल."

अंबाजीने फोन उचलला. कोंब तुटले, माती सांडली. पण तोवर रिंग थांबली होती. त्याने धोतराच्या सोग्याने कॅमेऱ्यावरचं कुंकू पुसलं आणि न घेतलेल्या फोनांची यादी उघडली. ती बोटाने वर सरकवता सरकवता तो देवळाच्या पायरीवर खाली बसला.

पहिला फोन त्याने राहीला लावला. स्पीकरवर टाकला, कारण आता लपवण्यासारखं काही नव्हतं.

"काका? अहो, किती फोन केले!" राहीचा आवाज आला. "आम्हाला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. चार दिवस थांबलो, मग मुरुडला एका लॉजवर बुकिंग केलं. पैसेही भरले हो. वाईट वाटलं खूप. आईंच्या हातचे मोदक..."

"व्हय, पोरी," अंबाजी म्हणाला. रंगूआईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पुढच्या सुट्टीत येऊ की. फक्त फोन उचला हं काका."

"उचलीन," अंबाजी म्हणाला.

मग त्याने दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. बऱ्याच जणांची सोय दुसरीकडे झाली होती. एका पुणेकरांनी तुम्ही लोक धंद्याच्या लायकीचेच नाही, असं सुनावलं आणि तेही त्याने ऐकून घेतलं. उन्हं कलेपर्यंत एक कुटुंब मिळालं, चौघांचं. बाकीच्या खोल्यांची दिवाळी गेली ती गेलीच. गावातल्या इतर पायऱ्यांवरही त्या दिवशी माणसं कानाला फोन लावून, मान खाली घालून बसली होती. श्रीवर्धनहून पोलीस आले आणि महाराजांना घेऊन गेले. अशा बुवाबाजीविरुद्ध कायदा आहे आणि तो मोबाइललाही लागू पडतो, हे महाराजांना गाडीत बसताना समजलं.

लाल कापडाची परात रिकामीच राहिली होती. घट उठले, तेव्हा सदाने रिवाजाप्रमाणे भाताचे कोंब टोपीत खोचले आणि प्रणालीला गाठलं.

"वैनी, बाबा गेला ते बरंच झालं. पन धंदा वाढवायचा कसा, ते सांगायला दुसरं कोन आलं होतं? म्हनून आमी गेलो त्याच्याकडं."

प्रणालीला ते पटलं. मग तिने त्याला तिथेच पारावर बसवलं. हळूहळू भोवती इतरही जमले. तिने सांगितलं त्यात मंत्र नव्हता, म्हणून काहीजणांची थोडी निराशाही झाली. जे आहे त्याचाच फोटो टाका. गाडी कुठे लागते, कधी लागते, ते लिहा. मांडव्याच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेल्या माणसाने तुमच्यापर्यंत यायचं कसं, ते लिहा. कुणी विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्या. सरबत पिऊन गेलेल्याला म्हणा, आवडलं तर दोन शब्द लिहा, नाही आवडलं तर आधी मला सांगा. आकडा वाढायला वेळ लागेल. आणि कुणी आकडा एका आरतीत वाढवून दाखवला, तर आधी विचारा, यातली माणसं कोण? त्यांना फोन लावता येईल का? देवापुढे हात जोडा, कुणाची ना नाही. पण डोकं देवळाबाहेर चपलांजवळ ठेवून आत जाऊ नका. जाताना चपला आठवणीने घालता, पण ते तिथेच राहून जातं.

'मोकळं आभाळ'चं पेज प्रणालीने अजून बंद केलेलं नाही. दर वर्षी नवीन वर्गाला ती ते दाखवते. त्याचे दहा हजार फॉलोअर आहेत तसेच आहेत, पुन्हा येऊ म्हणून वचन दिलेले. मुतारीत बकरीखेरीज अजून कुणी आलेलं नाही.

पासवर्ड परत मिळाल्यावर सुपारी बागेचे पंचवीस हजार तिने एकेक करून काढून टाकले. त्याला फार दिवस लागले. शेवटी चारशेच्या आसपास उरले, त्यांत राही होती. नाताळच्या आधी एका सकाळी अंबाजी शेणगोठा करत असताना खिशातला फोन वाजला. हात शेणाने भरलेले होते. त्याने क्षणभर हाताकडे पाहिलं, महाराजांची आठवण काढली आणि त्याच हाताने फोन उचलला.

"बोला, सुपारी बाग," तो म्हणाला. "किती जन येताय?"